गाडी उंच केली त्या वर्षी

ओहोळातल्या दगडावर गाडी बसली तेव्हा लक्ष्या अजून जिवंत होता. मागच्या उघड्या हौद्यात घोंगडीवर पडला होता आणि तोंडात पाऊस येत होता म्हणून मान एका बाजूला वळवत होता. बांधावरचं गवत कापताना त्याच्या पोटरीला साप डसला होता. त्याची सून माघी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. स्टिअरिंगवर त्याचा मुलगा जिवा होता.

वांगणीच्या खालच्या पाड्यातून वावर गावाकडं, आणि तिथून पुढं जव्हारच्या दवाखान्याकडं, जायला गाडीला तो एकच रस्ता, आणि मधे ओहोळ. ज्या वर्षी या भागातली लहान पोरं भुकेनं पटापट गेली आणि पाड्यापाड्यांत साहेबांच्या गाड्या फिरल्या, त्यानंतर रस्त्यावर मुरूम पडला होता, ओहोळ ओलांडायला फरशीही झाली होती. मुरूम पुढच्या पावसात गेला. फरशी त्याच्या पुढच्या. राहिले ते दगड.

जिवानं गाडी पाण्यात घातली. पुढची चाकं पलीकडच्या चढाला लागली आणि खालून पत्रा चिरडल्याचा आवाज आला. इंजिन थोडा वेळ चाललं. मग पाण्यावर काळं तेल पसरत गेलं आणि घरघर करून इंजिन बसलं. जिवा कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाडीखाली हात घालत राहिला. खालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं. हे हाताला पहिल्यांदाच कळलं होतं, तरी तो पुन्हा पुन्हा चाचपत होता.

पाड्यातून शेजारचा रोहिदास बांबू घेऊन धावत आला. घोंगडीची डोली केली. पुढचं टोक जिवाच्या खांद्यावर आणि मागचं रोहिदासच्या. बापाला जिवा बास म्हणे. डोंगर चढताना तो मागं न बघता बापाशी बोलत होता, "आला वावर, बास. आला."

वावरच्या अलीकडच्या चढावर रोहिदास म्हणाला, "जिवा, खाली ठेव."

"दम लागला का?"

"नाय. खाली ठेव तू."

*

गाडी म्हणजे जुना, छोटा ट्रक. भिवंडीच्या एका गवताच्या व्यापाऱ्याकडं जिवानं तो बरीच वर्षं चालवला. व्यापाऱ्यानं धंदा आवरला तेव्हा गाडी जिवाच्याच नावावर करून दिली. कार्तिकात गवताच्या गाठी, दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं, त्यांची भांडी, कोंबड्या, पोरं. पावसाळ्यात खताची पोती, रेशनचे तांदूळ आणि कुणी आजारी पडलं तर तो. क्लीनर ठेवलेला नव्हता. मागं माघी असे. केबिनच्या पत्र्यावर तिनं एकदा हात मारला की थांबायचं, दोनदा मारला की निघायचं. गाडीत कोण कुठं बसतं, कुणाला ओकारी येते, कुठल्या खड्ड्यात कुणाचं डोकं कुठं आपटतं, हे तिला ठाऊक होतं. जिवाला रस्ता ठाऊक होता.

बाप गेल्यावर जिवानं इंजिन दुरुस्त करून घेतलं. गवत वाहिलं, भट्टीवाले पोचवले. बोलणं कमी झालं होतं. ओहोळ आला की हिवाळ्यातही, पाणी घोट्याएवढं असताना, तो गाडी थांबवून खाली उतरे आणि दगडाकडं बघून मग पुढं जाई. वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, तसा तो माघीला म्हणाला, "गाडी उंच करून घेतो."

जव्हारच्या बाहेर गौतम मिस्त्रीचं गॅरेज होतं. गौतमनं गाडीखाली गोणपाट टाकलं आणि पाठीवर सरकत आत गेला. त्याच्यामागं जिवा गेला. माघी थोडा वेळ उभी राहिली, मग लुगडं गुडघ्यांत आवळून तीही वाकून बघायला लागली.

"दोन रीती आहेत," गौतम आतून म्हणाला. "एक म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हात लावायचा नाही. चेसिस आणि हौद्याच्या मधे सागाचे ठोकळे घालायचे, केबिनखाली पण. हौदा वर गेला की चाकाला जागा होते, मोठे टायर बसतात. जेवढे टायर मोठे, तेवढी गाडी वर. पण चार बोटं. त्याच्यावर नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी, पाटेच बदलायचे. जाड पाटे, जास्त कमानीचे. आख्खी चेसिस वर येते. चेंबर वितीभर वर जाईल."

"मग दगड लागणार नाय."

"चेंबरला नाही लागणार. मागच्या आसाचा गोळा आहे तिथंच राहणार, पण तो ओतीव आहे, मार खातो. चेंबर पत्र्याचं."

"पाटेच घाल," जिवा म्हणाला.

माघीनं विचारलं, "आन बसणाऱ्याचा काय?"

गौतम गाडीखालून बाहेर आला. हाताचं ग्रीस पुसत म्हणाला, "वयनी विचारतात ते बरोबर आहे. जाड पाटे म्हणजे गाडी कडक. माल भरला असेल तर कळायचं नाही. रिकामी असली की उडते. ठोकळे घातले तर पाटे हेच राहतील, जुने, मऊ. आता बसतो तसाच माणूस बसेल."

"पावसाचा पाड्यातून निघताना गाडीत माल कुठं असतो?" माघी जिवाला म्हणाली. "एक आजारी नि त्याला धरणारे दोघे."

"आजारी दवाखान्यात पोचायला पायजे का नको?"

"पोचायला पायजे. पोचेपर्यंत राहायला पन पायजे."

"चार बोटांनी काय होनार? तो दगड केवढा हाय तो तू पाहिला नाय?"

"मी त्याच पाण्यात हुती."

जिवा खाली बसला. त्यानं चेंबरच्या नव्या पत्र्यावर तळवा ठेवला. मग उठला आणि गौतमकडं बघून म्हणाला, "पाटे."

माघीनं पुढं वाद घातला नाही. तिला त्याचा चेहरा दिसत होता. डोलीचं टोक खांद्यावर असताना जसा दिसत होता तसाच होता तो.

*

नवे पाटे घालून गाडी पाड्याकडं निघाली तेव्हा लांबून वेगळीच दिसत होती, पाय लांब झालेल्या जनावरासारखी. ओहोळ कोरडा होता. जिवानं बरोबर दगडावरून गाडी नेली, चेंबर दगडावर आणून थांबवली आणि उतरून आडवा झाला. दगड आणि पत्रा यांच्यामधून त्याचा हात कोपरापर्यंत सरळ गेला. तो बाहेर आला तेव्हा हसत होता. बाप गेल्यापासून माघीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तीही हसली. परतताना तिची कंबर हौद्याच्या कडेवर आपटून काळी पडली होती, ते तिनं सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जिवाची आई मंगळी जव्हारला जायला निघाली. टोपलीत मोहाची फुलं होती, वर पळसाचं पान. पूर्वी हौद्याचा मागचा फाळका पाडला की ती एक पाय खालच्या लोखंडी पट्टीवर ठेवी, एका हातानं साखळी धरी आणि वर येई. नवरा गेल्यावरही ती तशीच येत होती, कुणाचा हात घेत नव्हती. आता पट्टी तिच्या कमरेच्या वर होती. तिनं पाय उचलून पाहिला. गुडघा छातीपर्यंत गेला पण पाऊल पोचेना. माघीनं वरून हात दिला, रोहिदासनं खालून आधार दिला. मंगळी मधेच लटकून राहिली, कासोटा सुटला आणि मांडी उघडी पडली. आधीच बसलेल्यांतलं कुणीतरी हसलं. वाईट मनानं नसेल. मंगळी आत आली, कासोटा खोचला आणि पत्र्याकडं तोंड करून बसली.

परतताना वावरला गाडी थांबली तशी ती उतरली. "गाठीभेटी घेऊन येते," म्हणाली. जिवा घरी पोचला आणि बऱ्याच वेळानं आई टोपली डोक्यावर घेऊन डोंगरावरून चालत येताना दिसली. त्यानंतर ती गाडीत बसली नाही.

जिवानं मागं लोखंडी पायरी जोडून घेतली. ओहोळातल्या दगडानं ती वाकवून टाकली. मग लाकडी घडवंची दोरीनं बांधली, ती चढताना डुगडुगे. माघीनं हौद्यात भाताचा पेंढा पसरला, वर गोणपाटं शिवून टाकली. तरी मृगात गाडी रिकामी चालायला लागली तशी लोकांच्या बोलण्यात ते यायला लागलं. रोहिदासच्या बायकोची जीभ दाताखाली सापडली. म्हातारा तुका म्हणाला, खताची पोती असतील त्या दिवशी सांग, मग येतो. जिवाला वाटे, यांना दिसत नाही का. ओहोळाला पूर होता आणि गाडी पलीकडं जात होती. पहिल्यासारखी एकदाही अडली नव्हती.

*

आषाढात जिवाची धाकटी बहीण नवशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा नाशिककडं भाजीच्या मळ्यात कामाला होता. एसटीनं वावरपर्यंत आली, तिथून जिवानं गाडीत घेतलं. केबिनमध्ये इंजिनाच्या उष्णतेनं तिला मळमळायला लागलं म्हणून मागं माघीजवळ बसली. पाड्यात उतरली तेव्हा ओठ पांढरे झाले होते आणि दोन्ही हात पोटाखाली होते.

"लई हालली का?" जिवानं विचारलं.

"नाय दादा. बरी आली."

चुलीजवळ आई एकटी असताना मात्र ती म्हणाली, "आये, जाताना मी चालत जाईन."

आवण्या, म्हणजे भाताच्या लावण्या, सुरू झाल्या. जिवाचं शेत उताराचं, खाचरं लहान लहान, पायऱ्यांसारखी. पाणी अडवून जिवा चिखल करी, माघी आणि मंगळी राबातली रोपं उपटून आवणी करत. दिवसभर कंबर वाकलेली. पाठीवर इरलं असलं तरी मानेतून पाणी आत जाई आणि बोटांची कातडी पांढरी होऊन सुरकुते. नवशी घरी भाकऱ्या भाजी आणि दुपारी बांधावर घेऊन येई. भाकर देताना ती नेहमी काहीतरी बोले, पोटातलं पोर कसं लाथा मारतं, रात्री झोपू देत नाही. मग एक दिवस ती नुसतीच भाकर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशीही. मंगळीला वाटलं, दमली असेल.

त्याच्या पुढच्या सकाळी नवशी बांधावर आली ती वाकून, एका हातानं साग धरून. मंगळी चिखलातून बाहेर आली. लेकीच्या पायांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पावसाचं नव्हतं. मंगळीनं बोटानं टिपून बघितलं. अनेक पोरं तिनं या पाड्यात हातावर घेतली होती.

"काळसर हाय," ती माघीला हळूच म्हणाली. "गाडी काढायला सांग."

जिवानं नवशीला दोन्ही हातांवर उचलून फाळक्याशी आणलं. माघीनं वरून काखेत हात घातले. वर घेताना नवशीनं डोळे घट्ट मिटले होते. मंगळी खाली उभी राहिली. ती आली नाही, आणि ये असंही कुणी म्हणालं नाही.

ओहोळाला पाणी होतं. जिवानं पहिला गिअर टाकला. गाडी आत गेली, पाणी चाकांच्या मधल्या तुंब्यांवर आलं, मागचा गोळा एकदा दगडाला घासला आणि गाडी पलीकडं चढली. कुठं अडलं नाही, कुठं थांबलं नाही. जिवा मोठ्यानं म्हणाला, "बास." मागं ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

पुढं रस्ता म्हणजे नुसते धोंडे. माघी पेंढ्यात पाय फाकून बसली होती आणि नवशीला तिनं छातीशी धरलं होतं. प्रत्येक खड्ड्यात दोघी उचलल्या जात आणि खाली येत. नवशी ओरडत नव्हती. श्वास आत घेई आणि तो मधेच तुटे. माघीचं माकडहाड बधिर झालं. तिनं पत्र्यावर हात मारला.

गाडी थांबली. जिवानं खिडकीतून डोकं काढलं.

"हळू घे."

"पहिल्याच गिअरात हाय. याच्याखाली काय घेऊ?"

"रिकामी हाय म्हणून उडते. भर पायजे."

"कसली भर? दगड घालू?"

"दगड तिच्या अंगावर येतील."

माघी उभी राहिली. रस्त्याखालच्या खाचरांत दुसऱ्या पाड्यातल्या बायका आवणी करत होत्या. इरल्यांच्या पाठी नुसत्या दिसत होत्या, एका रांगेत. माघीनं कडेवरून वाकून हाक मारली. पहिल्या हाकेला कुणी बघितलं नाही. दुसऱ्या हाकेला रांगेच्या टोकाची कमळा सरळ झाली. वयानं मोठी, आवाजानं खणखणीत. भट्टीवर जाताना माघीच्या गाडीत ती अनेकदा बसली होती.

"काय झाला?"

"नवशी अडलीय. गाडी उडते. वजन पायजे. चढता का?"

कमळानं हातातला रोपांचा मुठा पाण्यात ठेवला. मागं वळून म्हणाली, "चला गं."

कुणी विचारलं नाही कुठं, किती वेळ. चिखलातून बायका वर आल्या, इरली बांधावर उलटी टाकली. फाळक्याची उंची बघून एक जण थबकली. कमळानं तिच्यापुढं पाठ वाकवली, ती पाठीवर पाय ठेवून चढली, वर जाऊन तिनं दुसरीला ओढलं. लुगडी फाटली, गुडघे सोलले. शेवटी कमळा राहिली, तिला चौघींनी दंडांना धरून वर घेतलं. हौदा चिखलानं आणि बायकांनी भरला. त्या खाली मांड्या घालून चिकटून बसल्या आणि नवशीला त्यांनी आपल्या मांड्यांवर आडवी घेतली. डोकं माघीकडं, पाय कमळाकडं.

माघीनं पत्र्यावर दोनदा हात मारला. जिवाला केबिनमध्ये कळलं, गाडी मागं दबली आहे. खड्डा आला. गाडी उडाली नाही. झुलली आणि पुढं गेली. बापाच्या वेळी होती तशी, मऊ.

*

जव्हारच्या दवाखान्यात नवशीला आत नेलं. माघी बरोबर गेली. बायका व्हरांड्याबाहेर पन्हळीखाली उभ्या राहिल्या. पायांचा चिखल आत जाईल म्हणून शिपायानं त्यांना पायरीवर येऊ दिलं नाही. पन्हळीच्या पाण्यात त्यांनी हातपाय धुतले आणि तिथंच बसल्या. जिवा भिंतीला टेकून होता.

दुपार कलली तेव्हा माघी बाहेर आली.

"नवशी हाय," ती म्हणाली. "पोर नाय. मुलगा हुता."

जिवानं विचारलं, "गाडीनं झाला का?"

"डाक्टर म्हणतात, पोटातच आधी गेला हुता. आजचा नाय."

"आजचा नाय?"

"नाय."

त्यानं श्वास सोडला. "मग गाडीनं नाय." असं म्हणून तो माघीकडं बघत राहिला, तिनंही तेच म्हणावं म्हणून. माघी पदरानं हात पुसत होती. हात कोरडे होते. आत डॉक्टरीणबाईंनी नवशीला विचारलं होतं, हालचाल कधीपासून नव्हती, आणि नवशीनं सांगितलं होतं. का आली नाहीस लगेच, असंही विचारलं होतं. तेही नवशीनं सांगितलं होतं. माघी म्हणाली, "मी तिच्यापाशी राहते. तू त्याला घेऊन जा. आपल्याकडंच मातीत ठेव, बासच्या शेजारी."

फडक्यात गुंडाळलेलं ते जिवाच्या हातात आलं. त्यानं ते केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं, स्वतःचा सदरा काढून दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं. बायका मागं चढल्या. परतीच्या वाटेवर मागून काहीच आवाज येत नव्हता. गाडी झुलत चालली. सीटवरचं गाठोडं जागचं हललं नाही.

खाचरापाशी बायका उतरल्या. उपटून ठेवलेली रोपं पाण्यात मलूल झाली होती. कमळा केबिनच्या खिडकीशी आली. तिनं आत बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"पोरगी वाचली ना?"

जिवानं मान हलवली.

"मग झाला," ती म्हणाली आणि इरलं उचलून चिखलात उतरली.

जिवानं गाडी सुरू केली. आता मागं कुणी नव्हतं. पहिल्याच धोंड्यावर गाडी उसळली, सीटवरचं गाठोडं वर उडालं आणि सदऱ्यासकट खाली पायांशी पडणार तोच त्यानं हातानं अडवलं. तो थांबला. पुन्हा नीट ठेवलं. गाडी निघाली आणि पुन्हा उडाली. मग त्यानं ते मांडीवर घेतलं. डाव्या हातानं पोटाशी धरलं, आणि गिअर बदलायचा असला की स्टिअरिंग सोडून उजवा हात तिकडं नेई. गाडी चालण्याच्या वेगानं जात होती आणि तरी उडत होती. एवढंसं वजन, पण प्रत्येक हिसक्याला त्याच्या बरगड्यांना लागत होतं. सबंध वाट तो त्याला "हा, हा" असं म्हणत होता. जिवंत पोराला म्हणावं तसं.

*

नवशीला सोडायच्या दिवशी जिवा गाडी घेऊन गेला. हौद्यात त्यानं रेती भरली होती, रेतीवर पेंढा, पेंढ्यावर घरातली सगळी अंथरुणं. घडवंचीला नवे पाय ठोकले होते. नवशी माघीचा हात धरून दवाखान्याच्या फाटकाबाहेर आली, गाडी बघितली आणि थांबली.

"आता उडणार नाय," जिवा म्हणाला. "रेती टाकलीय. बसून बघ."

"मी एसटीनं जाते, दादा."

"एसटी वावरला सोडेल. पुढं?"

"चालेन."

"अशी? वली बाळंतीण? अगं, रेती हाय. आन डाक्टर काय म्हणाले ते माघीनं सांगितला नाय का तुला? गाडीनं नाय झाला."

नवशीनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती भाकर ठेवताना बोलायची तशीच बोलली.

"दोन दिस आधी हलायचा थांबला. मला कळला हुता. सांगितला असता तर तू गाडी काढली असतीस. त्या गाडीत चढावा लागेल म्हणून नाय सांगितला. म्हटला, हलेल उद्या."

जिवाचा हात फाळक्याच्या साखळीवर होता, तो तसाच राहिला. मग त्यानं माघीकडं बघितलं आणि त्याला कळलं, तिला हे ठाऊक होतं.

दोघी एसटीनं वावरला आल्या. तिथून पायवाटेनं न जाता रस्त्यानं निघाल्या, कारण रस्त्याचा चढ सावकाश होता. माघीनं बोचकं डोक्यावर घेतलं, एका हातानं नवशीला धरलं. दोघींवर मिळून एक घोंगडी. बारीक पाऊस चालू होता. मागं काही अंतरावर जिवाची गाडी होती. त्या थांबल्या की ती थांबे. त्या निघाल्या की इंजिन गुरगुरे आणि गाडी सरपटत मागं येई. एकदा वळणावर नवशी दरडीच्या दगडावर बसली, बराच वेळ. जिवानं इंजिन बंद केलं. तिनं मान खाली घातली होती. घोंगडीच्या आत ती छातीवर हात दाबून होती.

माघी गाडीपाशी आली.

"पाटे काढतो," जिवा म्हणाला. "उद्याच गौतमकडं नेतो. तू म्हणत हुतीस तसे ठोकळे घालतो."

"घाल."

"मग बसेल का ती?"

"ते मला काय माहीत?" माघी म्हणाली. मग तिनं खिडकीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. "मागून आवाज करू नको. तिला दमल्यावर बसावा वाटतो, आन आवाज ऐकला की उठते."

ती परत गेली. दोघी उठल्या आणि चालायला लागल्या. जिवा बघत राहिला. मग खाली उतरला. मागच्या चाकाला धोंडा लावला, हौद्यातली कोरडी राहिलेली एक गोधडी काढून काखेत घेतली आणि गाडी रस्त्यातच सोडून त्यांच्यामागं चालायला लागला. जवळ पोचला तेव्हा माघीच्या डोक्यावरचं बोचकं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं. नवशीनं मागं वळून बघितलं नाही. पण चालताना तिनं थोडी बाजू दिली, आणि तो तिच्या दुसऱ्या अंगाला आला. पुढच्या चढावर पाय घसरला तेव्हा तिनं त्याचा दंड धरला.

मंगळी दारात उभी होती. गाडीचा आवाज नव्हता, म्हणून तिघं एकदम अंगणात आलेली बघून ती दचकली. नवशीच्या चोळीला पुढून दोन्ही बाजूंनी ओल आली होती. घोंगडीखाली होती तिथं पाऊस पोचला नव्हता. मंगळीनं ते बघितलं. जिवाला तिनं बाहेरच थांब म्हणून खूण केली, लेकीला आत नेलं आणि दार ओढून घेतलं.

जिवा पडवीत बोचकं मांडीवर घेऊन बसला. आतून आईचा आवाज आला, अगदी हळू, "दूध पिळून काढावा लागेल गं. धरून ठेवू नको. येऊ दे." आणि मग नवशी रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, वाटेत रडली नव्हती.

माघी दाराबाहेर येऊन जिवाच्या शेजारी बसली. पाऊस वाढला होता. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.